ही वायर नेमकी जाते कुठे?

संगणक वायरने जोडणाऱ्या सुरुवातीच्या इथरनेटमध्ये हा प्रश्न फारसा पडत नसे. जाड, बहुधा पिवळी कोॲक्सिअल केबल, एक तुकडा जास्तीत जास्त 500 मीटरचा, दर 2.5 मीटरला खूण आणि त्या खुणेवरच यंत्र जोडायचा टॅप मारायचा. केबलच्या कडेने चालत गेलं की नेटवर्कचा नकाशा पाहून झाला.

घोळ झाला तो ब्रिज, म्हणजे केबलचे दोन तुकडे जोडणारी पेटी, आल्यावर. दोन्ही बाजूंच्या यंत्रांना मध्ये कुणी आहे याचा पत्ताच लागू नये, अशीच त्याची रचना. त्यात 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री हे तंत्र आणलं. जोडण्यांचा फेरा झाला की ते एखादा पोर्ट (वायर लावायची खाच) आपोआप अडवतं, म्हणजे भिंतीत वायर आहे, पण तिच्यावरून डेटा जात नाही. स्विच म्हणजे पुष्कळ पोर्टांचा ब्रिजच, त्यामुळे लपण्याची खोड त्यालाही लागली. 1987 चा ट्रेसराउट हा डेटाची वाट शोधणारा प्रोग्राम राउटर, म्हणजे वेगवेगळी नेटवर्क जोडणारी यंत्रं, दाखवतो, पण दोन राउटरांमध्ये पाच स्विच असले तरी त्याला एकही दिसत नाही.

मग चालली ती हेरगिरी. 1988 मध्ये नेटवर्कमधल्या यंत्रांना दुरून माहिती विचारणारं एसएनएमपी आलं, काही वर्षांत ब्रिजचे, कोणत्या पोर्टवर कोण आहे ते टिपणारे, तक्तेही त्यातून वाचता येऊ लागले. पोर्ट 7 वर एकच मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) दिसला तर तिथे पीसी असणार. पोर्ट 24 वर साठ दिसले तर पलीकडे दुसरा स्विच. पण या नोंदी साधारण 300 सेकंदांत पुसल्या जातात. पाच मिनिटं गप्प बसलेला प्रिंटर नकाशातून गायब! अशा अर्धवट तक्त्यांवरून जोडण्या कशा ओळखायच्या, यावर 2001 च्या सिगकॉम या नेटवर्क-संशोधकांच्या परिषदेत चक्क शोधनिबंध वाचला गेला.

खरं तर सोपा उपाय आधीच सापडला होता: यंत्रालाच नाव सांगायला लावायचं. सिस्को या नेटवर्क-यंत्रांच्या कंपनीचं 1994 चं सीडीपी दर 60 सेकंदांनी शेजाऱ्याला स्वतःचं नाव आणि पोर्ट कळवतं. बाकीच्या कंपन्यांनीही आपापली बोली काढली. सगळ्यांना समजेल असं एलएलडीपी यायला मात्र 2005 उजाडलं. त्याची चिठ्ठी स्विचने पुढे द्यायची नसते. काही स्वस्तातले स्विच तरीही ती पुढे ढकलतात, आणि दोन मजल्यांवरचे स्विच एकमेकांना खेटून असल्यासारखे दिसतात.

मधला पॅच पॅनल, म्हणजे भिंतीतल्या वायरी जिथे येऊन जुळतात ती पट्टी, तर काहीच बोलत नाही. तिथे अजूनही टोनर (वायरीत आवाजाचा सिग्नल सोडणारं यंत्र) लावून, कान देऊन वायर शोधावी लागते.