गव्याचा दर्यातला भाऊबंद

शिराळा तालुक्यात वारणाकाठच्या माणसाला गवा नवा नाही. चांदोलीच्या जंगलातून तिन्हीसांजेला खाली उतरतो आणि उसाच्या फडात शिरतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी दिसले ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. वरचं काळं धूड अंधारातच मिसळलेलं होतं. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत त्याला उंच धार असते. ती चरबी नव्हे. आत मणक्यांचे लांब काटे असतात आणि जड डोकं-मान पेलणारे स्नायू त्यांना बांधलेले असतात.

मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. त्याचा दर्यातला भाऊबंद निळा देवमासा दीडशे टनांपर्यंत जातो, म्हणजे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात दीडशे गवे घालावे लागतील. नुसतं हृदयच 180 किलोंच्या आसपास. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, खोल बुडी मारलेल्या देवमाशाचं हृदय मिनिटाला दोनदाच ठोके देताना आढळलं.

गवा एवढा का वाढत नाही? जनावराची उंची, लांबी, रुंदी सगळं दुप्पट केलं तर वजन आठपट होतं, पण पायाच्या हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चारपटच वाढतं. गॅलिलिओनं 1638 सालीच हे मांडलं होतं. जमिनीवर प्रत्येक किलो पायांवर तोलावा लागतो, म्हणून हत्तीही साधारण सहा टनांपाशी थांबतो. समुद्रात हा भार पाणी उचलतं. शिवाय पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी झपाट्यानं ओढून घेतं, आणि मोठ्या देहाला वजनाच्या मानानं कातडी कमी असते. त्यामुळे तिथं थोराड असणं फायद्याचंच.

हा आधार सुटला की काय होतं, ते नोव्हेंबर 2023 मध्ये घाटाखाली गणपतीपुळ्याला दिसलं. देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. लोकांनी त्याला वाचवायला जिवाचं रान केलं, तरी ते गेलं. किनाऱ्यावर देवमाशाचं स्वतःचंच वजन त्याची फुप्फुसं दाबतं आणि कातडीखालच्या चरबीमुळे अंग तापत राहतं. ज्या देहानं त्याला समुद्रात सांभाळलं, तोच जमिनीवर जिवावर उठतो. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या दोघांचं नातं. गवा हत्तीला किंवा घोड्याला जितका जवळचा, त्याहून देवमाशाला जवळचा आहे! दोघांचे पूर्वज दुखुरी, म्हणजे दुभंगलेल्या खुरांच्या, जनावरांच्या एकाच कुळातले. देवमाशाचा आजचा सख्खा शेजारी पाणघोडा, पण गाय-बैल-गवा हेही त्याच भावकीत. पुरावा जम्मू-काश्मीरच्या खडकांत होता. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी कालाकोटजवळून जीवाश्म गोळा केले होते. त्यांच्या पश्चात त्या दगडांवर काम चालू असताना एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्याची एक कड जाड होती, अगदी देवमाशांच्या कानात असते तशी. इंडोहायस नावाचा हा दुखुरी कुळातला प्राणी मांजराएवढा, बारीक पायांचा, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा. हे संशोधन 2007 साली प्रसिद्ध झालं. त्याआधी 2001 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या आदिम देवमाशांच्या घोट्याची हाडं अभ्यासली गेली होती. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं ते हाड आजही बैलाच्या मागच्या पायात तसंच असतं.

छकड्याच्या मैदानात खिल्लारांची जोडी भरधाव सुटली की त्यांच्या पाठी बघा. कणा वर-खाली लवतो, डावी-उजवीकडे नाही. मासा शेपूट आडवं हलवतो, देवमासा मात्र वर-खाली मारतो. पाय गेले, खूर गेले, मागच्या पायांच्या जागी मांसात रुतलेली कमरेची दोन छोटी हाडं उरली. धावण्याची ती लकब मात्र त्याच्या पाठीत अजून तशीच आहे.