पाऊस कधी, तहान कधी

नाशिक शहरात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जेरुसलेममध्ये 550 मिलिमीटरच्या आसपास. नुसते आकडे पाहिले तर या दोन गावांच्या पाण्याच्या स्थितीत फार फरक नसावा असे वाटेल. प्रत्यक्षात जेरुसलेमचा जवळजवळ सगळा पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल या थंड काळात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, तर आपल्याकडचा बहुतेक पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत उरकतो.

पावसाची नोंद आपण कौतुकाने ठेवतो, हवेच्या तहानेची ठेवत नाही. ती मोजणे अवघड नाही. वेधशाळेत त्यासाठी सुमारे 120 सेंटिमीटर व्यासाचे उथळ बाष्पीभवन पात्र असते. मी एप्रिलमध्ये गच्चीवर सरळ काठाचे पातेले भरून ठेवले आणि रोज सकाळी पट्टी बुडवून पाहिली, तेव्हा पाणी दिवसाला जवळपास एक सेंटिमीटर उतरत होते. डिसेंबरात त्याच्या निम्मेही उतरले नव्हते. (लहान पातेले लवकर तापते, त्यामुळे त्याचा आकडा थोडा फुगतो, हे मान्य.) एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर. पानांनी झाकलेले रान रोज पाच मिलिमीटर पिऊ लागले, तर एकरी 10,000 लिटरचे दोन टँकर रोज हवेत जातात.

भूमध्य सागराभोवतीच्या प्रदेशात पाऊस येतो तेव्हा ऊन मवाळ असते, पिकांची मागणीही कमी असते. त्यामुळे पडलेल्या पाण्याचा बराच वाटा जमिनीत मुरतो किंवा नदीला मिळतो. कॅलिफोर्नियात तर सिएरा नेवाडा पर्वतावरचे बर्फच हिवाळ्याचे पाणी धरून ठेवते आणि उन्हाच्या तोंडावर हळूहळू सोडते. द्राक्षवेलीचे वेळापत्रक अशा हवामानाशी नेमके जुळते: हिवाळ्यात ती पाने झाडून निजते, वसंतात ओल्या जमिनीवर फुटते आणि कोरड्या उन्हाळ्यात तिचे घड न कुजता पिकतात.

नाशिकच्या बागायतदारांनी हे वेळापत्रक उलटे फिरवले आहे. पाऊस ओसरता ओसरता गोडी छाटणी करायची, म्हणजे घड जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत तयार होतात. मात्र इथे वेल निजत नाही. माल उतरल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड त्या काड्यांच्या डोळ्यांत याच उन्हाळ्यात घडतात. वेलीला पाणी चुकवून चालत नाही असा हा काळ विहिरींनी तळ गाठण्याच्या दिवसांत येतो.

म्हणूनच माझ्या मते नाशिकचे खरे दुखणे पावसाच्या बेरजेत नसून सप्टेंबर ते मे या अंतरात आहे. पश्चिमेला इगतपुरीत 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो साठवून मेपर्यंत नेणे हे वेगळेच काम आहे. शेततळ्याचेच पाहा. प्लास्टिकच्या कागदामुळे पाझर थांबतो, पण वरचे तोंड उघडेच राहते. मार्च ते मे या 92 दिवसांत रोज सात मिलिमीटर वाफ धरली, तरी 644 मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून अधिक पाणी उडून जाते. शहरावर वर्षभरात पडणाऱ्या पावसाच्या तोडीचाच हा थर झाला. ठिबक आणि मुळांवर उसाच्या पाचटाचे आच्छादन यांनी जमिनीतली ओल वाचते, तळ्यातले पाणी नव्हे.

मोसम आणि आरम नद्यांवरच्या जुन्या फड पद्धतीने हे गणित मागणीच्या बाजूने सोडवले होते. बंधाऱ्याखालचे रान फडांत वाटलेले असे, एका फडात सगळे एकच पीक घेत, आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवले जात. द्राक्षाची बाग अशी वर्षभर पडीक ठेवता येत नाही. मार्चअखेर तळ्याची पातळी कुठेही असो, एप्रिलमध्ये कात्री लावावीच लागते.