चार्ली वॉट्स आणि रोलिंग स्टोन्सचा ठेका

२४ ऑगस्ट २०२१ रोजी लंडनमध्ये चार्ली वॉट्स गेले, तेव्हा ते ८० वर्षांचे होते. त्यातली ५८ वर्षं ते 'रोलिंग स्टोन्स' या ब्रिटिश रॉक बँडचे ड्रमर होते. पण जगभरचे रॉकप्रेमी ज्यांच्यासाठी हळहळले, ते वॉट्स मनाने शेवटपर्यंत जॅझवालेच राहिले.

वडील रेल्वे कंपनीत ट्रक चालवायचे. लहान वयात चार्लींनी बँजो हे लांब दांडीचं, चामडं ताणलेलं तंतुवाद्य घेतलं, पण बोटांची जुळवाजुळव काही जमेना. मग त्याची दांडी काढून टाकली, उरलेलं चामडं स्टँडवर ठेवलं आणि त्यावर ड्रम वाजवायचे ब्रश फिरवायला सुरुवात केली. जॅझ ड्रमर चिको हॅमिल्टन यांचं वादन ऐकून लागलेलं हे वेड. पुढे हॅरोच्या कलाशाळेत शिक्षण, जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझाइनची नोकरी आणि अलेक्सिस कॉर्नर यांच्या ब्लूज बँडमध्ये वादन. जानेवारी १९६३ मध्ये ते स्टोन्समध्ये आले.

त्यांचा हात नीट पाहिला तर एक लकब दिसते. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला डावा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर पडला की उजवा हात हाय-हॅट या झांजांच्या जोडीवरून चक्क उचललेला असतो. बहुतेक ड्रमर तिथे दोन्ही एकदम वाजवतात. वॉट्स वाजवत नसत, त्यामुळे स्नेअरचा ठोका मोकळा, स्वच्छ ऐकू येई. डाव्या हातातली काठीही जुन्या जॅझ पद्धतीने आडवी धरलेली. समोर छोटासाच ड्रम सेट. लांबलचक सोलोचा सोस नाही. मैफल तोलून धरणाऱ्या तबलजीसारखी त्यांची साथ असे. रॉकमध्ये असा संयम फार थोड्यांना साधला, असं मला वाटतं.

स्टार म्हणून मिरवणं त्यांना कधी रुचलं नाही. बाकीचे धिंगाणा घालत असताना हे दौऱ्यावर हॉटेलातल्या आपल्या पलंगाचं रेखाटन करत बसत! त्यांचे शिवून घेतलेले सूटही प्रसिद्ध होते.

२०२१ च्या अमेरिका दौऱ्यात प्रकृतीमुळे ते नसणार, हे ऑगस्टच्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं. बदली म्हणून स्टीव्ह जॉर्डन आले. २६ सप्टेंबरला सेंट लुईसच्या कार्यक्रमाची सुरुवात रिकाम्या रंगमंचाने झाली. पडद्यांवर वॉट्स यांची छायाचित्रं आणि सोबत फक्त ड्रमचा ठेका. २०२३ च्या 'हॅकनी डायमंड्स' अल्बममधल्या दोन गाण्यांत त्यांचं आधी ध्वनिमुद्रित केलेलं वादन आहे.