पंचग्रंथाचा अभ्यास

ज्यू लोकांची तोराह आणि ख्रिश्चनांच्या जुन्या कराराची पहिली पाच पुस्तकं म्हणजे पंचग्रंथ, चर्चमध्ये यांनाच मोशेची (इस्राएल लोकांना मिसरमधून बाहेर नेणाऱ्या पुढाऱ्याची) पाच पुस्तकं म्हणतात. मराठी बायबलात नावं अशी: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद, सगळे मिळून 187 अध्याय. पाचव्या नावाने नवा वाचक हमखास गोंधळतो. हा अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, आधी सांगून झालेलं पुन्हा सांगणं, मीमांसेत हा शब्द साधारण ज्या अर्थाने येतो तसा. मोशे मरायच्या आधी मवाबाच्या मैदानात लोकांना नियम परत ऐकवतो म्हणून ते नाव, आणि ग्रीक नावापेक्षा ('दुसरं नियमशास्त्र') ते जास्त चपखल बसतं असं म्हणायला हरकत नाही.

ज्यू परंपरेत हा अभ्यास म्हणजे आधी वाचन. तोराहचे 54 पाठ केलेत, एकेकाला पाराशा म्हणतात, दर शनिवारी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) पुढचा पाठ होतो आणि वर्षात चक्र पुरं होतं. चक्र संपण्याचा सण म्हणजे सिम्हात तोराह, त्या दिवशी मोशेचा मृत्यू वाचून झाला की लगेच उत्पत्तीच्या पहिल्या शब्दापासून, 'आरंभी' पासून, परत सुरू. (पूर्वी पॅलेस्टाईनकडे हेच चक्र साधारण तीन वर्षांचं होतं.) हाताने लिहिलेल्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात, त्यामुळे वाचणारा घरून छापील प्रतीवर घोकून येतो आणि तिथे चांदीची काडी ओळीवरून सरकवत वाचतो, कातड्याला बोट लावायचं नाही. अर्थासाठी पहिला आधार राशीचा. हा 11व्या शतकातला फ्रान्समधला टीकाकार, आणि तारीख घातलेलं सगळ्यात जुनं माहीत असलेलं छापील हिब्रू पुस्तक म्हणजे त्याचीच तोराहवरची टीका, 1475 ची.

खरा वाद आहे तो लिहिलं कोणी याचा. परंपरेने मोशे, पण अनुवादाच्या शेवटी मोशेच्याच मृत्यूचं वर्णन आहे, तेव्हा शेवटच्या आठ ओळी यहोशवाने लिहिल्या असं एक मत तालमूदातच (ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात) सापडतं. 12व्या शतकातला ज्यू टीकाकार इब्न एझ्रा, त्याने मोशेने लिहिल्या नसाव्यात अशा आणखी काही जागांवर बोट ठेवलं पण आडून, समजणाऱ्याने समजावं आणि गप्प बसावं अशा थाटात. तत्त्वज्ञ स्पिनोझाने 1670 मध्ये ते उघड बोलून टाकलं. मग 1753 मध्ये झां आस्त्र्युक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की उत्पत्तीत काही ठिकाणी देवाला एलोहीम म्हटलंय आणि काही ठिकाणी चार अक्षरी खास नाव आलंय, म्हणजे मोशेपुढे वेगवेगळी जुनी टिपणं असावीत. गंमत म्हणजे त्याला मोशेची बाजूच सांभाळायची होती.

हे मराठी वाचकाला हिब्रू न येताही तपासता येतं, कारण आपल्या प्रचलित भाषांतरात एलोहीमला 'देव' आणि त्या खास नावाला 'परमेश्वर' असं वेगळं ठेवलंय. जलप्रलयातली नोहाची गोष्ट काढा. सहाव्या अध्यायात 'देव' सांगतो की प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घे, सातव्याच्या सुरुवातीला 'परमेश्वर' म्हणतो शुद्ध प्राणी सात सात घे. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढलेलं. आणि 7:16 मध्ये तर एकाच ओळीत 'देवा'ने सांगितल्याप्रमाणे प्राणी आत गेले आणि 'परमेश्वरा'ने दार लावून घेतलं, जणू दोन धागे तिथेच गाठ मारून ठेवलेत.

यातून पुढे चार स्रोतांचा सिद्धांत उभा राहिला, म्हणजे पंचग्रंथ चार वेगवेगळ्या लिखाणांतून जोडला गेला, त्यात एक पुरोहितांचं आणि एक अनुवादाचं. त्याची ठळक मांडणी जर्मन अभ्यासक वेलहाउझेनची, 1878 ची. त्याआधी 1805 मध्ये डे वेट या जर्मन अभ्यासकाने अनुवादाचा संबंध योशिया राजाच्या काळाशी लावला होता, मंदिराची डागडुजी करताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडल्याची हकीकत राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे ती, साधारण इ.स.पू. 622. कासुटोसारख्या ज्यू पंडिताने नावांमधला फरक हा शैलीचा भाग म्हणून सिद्धांतच नाकारला, आणि 1970 नंतर व्हान सीटर्स, रेंडटोर्फ वगैरेंनी दुसऱ्याच बाजूने तो पोखरला. आज चारही स्रोत जसेच्या तसे मानणारे कमी झालेत, तरी पुरोहितांचा थर आणि अनुवादाचा थर वेगळे आहेत हे बहुतेकांना मान्य आहे आणि तेवढं धरून चालणं जास्त सुरक्षित वाटतं. शेवटचा हात बहुधा इराणी अंमलात, म्हणजे इ.स.पू. 5व्या-4थ्या शतकाच्या सुमारास फिरला असावा.

हस्तलिखितांचा पुरावा त्या मानाने उशिराचा. जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोमला 1979 मध्ये चांदीच्या दोन बारीक सुरळ्या मिळाल्या, त्यावर गणना 6 मधल्या आशीर्वादाचे शब्द आहेत आणि काळ बहुधा इ.स.पू. 7वं-6वं शतक, पण त्यावरून अख्खं पुस्तक तेव्हा तयार होतं असं म्हणता येत नाही. मृत समुद्राच्या गुंडाळ्या 1947 पासून मिळाल्या. शोमरोनी लोकांचा (ज्यूंपासून वेगळा राहिलेला, फक्त पंचग्रंथच मानणारा एक जुना समाज) पंचग्रंथ वेगळा, प्रचलित हिब्रू पाठाशी सुमारे 6000 ठिकाणी फरक, बरेचसे नुसते स्पेलिंगचे.

ख्रिस्ती अभ्यासात ही पुस्तकं मुख्यतः येशूची पूर्वतयारी म्हणून वाचली गेली, वल्हांडणाचं कोकरू (मिसरमधून सुटकेच्या रात्री बळी दिलेलं, पुढे येशूच्या बलिदानाची खूण मानलेलं) हे नेहमीचं उदाहरण.

मराठीत ही कथा पहिल्यांदा ऐसपैस आली ती फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात (1616), त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीपासूनचा भाग ओव्यांमध्ये आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांकडे तोराहची पोथी नव्हती असं त्यांची परंपरा सांगते, शनिवार पाळणं (म्हणून शनवार तेली), सुंता आणि 'शेमा' या ज्यू प्रार्थनेचे शब्द मात्र टिकून होते, आणि शेमा हा अनुवादाच्या सहाव्या अध्यायातलाच. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 चं. पुढे 19व्या शतकात जॉन विल्सन या मिशनऱ्याने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मूळ हिब्रू शिकून भाषांतराला बसलेल्या पंडिता रमाबाई, केडगावला वर्षानुवर्षं हेच काम चालू होतं, ते हातावेगळं झालं आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या, छापील बायबल आलं 1924 ला.