नॅशनल चॅम्पियनशिप आणि टॅलेंट लीग: १८ वर्षांखालील फूटीच्या दोन स्पर्धांतला फरक

मुलं तीच, वय तेच, महिने बरेचसे तेच आणि दोन्हींच्या मागे एएफएलच, म्हणजे या खेळाची वरिष्ठ व्यावसायिक लीग. त्यामुळे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजेच फूटीमध्ये, १८ वर्षांखालील नॅशनल चॅम्पियनशिप आणि टॅलेंट लीग यांची हमखास गल्लत होते. ‘अमका मुलगा अंडर-एटीन खेळतो’ एवढ्यावरून तो राज्याकडून खेळतो की आपल्या भागाच्या क्लबकडून, हे कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय त्याच्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

चॅम्पियनशिप ही राज्यांची स्पर्धा. संघ फक्त पाच: विक मेट्रो, विक कंट्री, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि अलाइज. व्हिक्टोरियात (संघांच्या नावात ‘विक’) खेळाडूंचा भरणा इतका, की त्या एका राज्याचे दोन संघ होतात: मेलबर्न शहराचा मेट्रो आणि बाकी भागाचा कंट्री. उलट क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेरा, टास्मानिया, नॉर्दर्न टेरिटरी या सगळ्यांचा मिळून २०१६पासून अलाइज हा एकच संघ. प्रत्येक संघ इतर चौघांशी एकेकदा भिडतो. म्हणजे चार सामने, आणि संपलं. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. गुणतक्त्यात जो वर तो विजेता.

विजयाला ४ गुण, बरोबरीला २. इतक्या कमी सामन्यांत दोन संघांचे तक्त्यातले गुण सहज सारखे होतात. मग टक्केवारी बघतात: सामन्यांत केलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागायचं आणि १००ने गुणायचं. एखाद्या संघाने चार सामन्यांत ३२० गुण केले आणि २५६ दिले, तर त्याची टक्केवारी १२५. गोल ६ गुणांचा आणि बिहाइंड (गोलच्या खांबांच्या बाजूने गेलेला चेंडू) एकाचा असल्यामुळे शेवटच्या क्वार्टरमध्ये संघ ढेपाळला तर पाच-सहा गोल बघता बघता बसतात आणि टक्केवारी कोसळते. म्हणून हरलेला सामनाही शेवटच्या सायरनपर्यंत जीव तोडून खेळावा लागतो.

टॅलेंट लीग ही पूर्ण हंगामाची क्लब स्पर्धा. मार्चच्या अखेरीस सुरू होते, सप्टेंबरमध्ये फायनल्स, म्हणजे बाद फेरीचे सामने, होतात आणि विजेता ठरतो तो ग्रँड फायनल या अंतिम सामन्यात. व्हिक्टोरियाचे बारा संघ आणि टास्मानिया डेव्हिल्स हा तिचा कणा. ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट, सिडनी आणि जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) या एएफएल क्लबांच्या अकॅडमी मोजक्याच सामन्यांपुरत्या येतात. साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची मुलं या लीगमध्ये नसतातच. ती आपापल्या राज्याच्या लीगमध्ये, म्हणजे साउथ ऑस्ट्रेलियात एसएएनएफएलच्या १८ वर्षांखालील गटात किंवा वेस्टर्न ऑस्ट्रेलियात डब्ल्यूएएफएलच्या कोल्ट्स या तरुणांच्या गटात खेळतात. त्यामुळे साउथ ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या मुलाचे टॅलेंट लीगमधले आकडे शोधत बसू नये.

व्हिक्टोरियाच्या बारा क्लबांपैकी सहा मेट्रोचे: कॅल्डर कॅनन्स, ईस्टर्न रेंजेस, नॉर्दर्न नाइट्स, ओकली चार्जर्स, सँड्रिंगहॅम ड्रॅगन्स, वेस्टर्न जेट्स. उरलेले सहा कंट्रीचे: बेंडिगो पायोनियर्स, डँडेनाँग स्टिंगरेज, जिलाँग फाल्कन्स, गिप्सलंड पॉवर, ग्रेटर वेस्टर्न व्हिक्टोरिया रेबेल्स, मरी बुशरेंजर्स. इथे चुकण्याची जागा एकच आणि ती मोठी. डँडेनाँग मेलबर्नच्या उपनगरात मोडतं, पण स्टिंगरेजचा मुलगा खेळतो विक कंट्रीकडून.

क्लबवरून राज्याचा संघ ओळखावा म्हटलं, तर तेही नेहमी जमत नाही. रायली सँडर्सचं उदाहरण घ्या. मूळचा टास्मानियाचा, शिक्षणासाठी मेलबर्नला आला आणि टॅलेंट लीगमध्ये सँड्रिंगहॅम ड्रॅगन्सकडून खेळला. पण २०२३च्या चॅम्पियनशिपमध्ये त्याच्या अंगावर विक मेट्रोची नव्हे, अलाइजची जर्सी होती. त्या वर्षी अलाइजने चारही सामने जिंकून पहिल्यांदाच विजेतेपद घेतलं आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं लार्क पदक सँडर्सला मिळालं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एएफएल क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मात्र त्याच्या नावापुढे क्लब लागला तो सँड्रिंगहॅम ड्रॅगन्स. ड्राफ्टच्या यादीत राज्य नव्हे, क्लब लिहितात, हे लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

पदकांचीही अशीच सरमिसळ होते. लार्क पदक चॅम्पियनशिपचं. मॉरिश पदक टॅलेंट लीगचं, हंगामभरच्या खेळासाठी. पहिलं चार सामन्यांत कमावता येतं, दुसऱ्याला महिनोन् महिने सातत्य लागतं. आणि दोन्हींतलं कुठलंही पदक म्हणजे ड्राफ्टमधला पहिला क्रमांक नव्हे. सँडर्सला वेस्टर्न बुलडॉग्स या एएफएल क्लबने सहाव्या क्रमांकावर घेतलं; त्या वर्षी पहिला गेला बेंडिगो पायोनियर्सचा हार्ली रीड. २०१९मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने चॅम्पियनशिप जिंकली, लार्क पदक त्यांच्याच डेव्हन रॉबर्टसनला मिळालं, पण ड्राफ्टमध्ये तो २२वा गेला. पहिला गेला मॅट रोवेल, टॅलेंट लीग जिंकलेल्या ओकली चार्जर्सचा.

आकडे वाचताना जास्त सांभाळायला हवं. डिस्पोजल म्हणजे किक आणि हँडबॉल (मुठीने मारून दिलेला चेंडू) मिळून खेळाडूने चेंडू किती वेळा मारला ती संख्या. क्लबमध्ये सेंटर बाउन्सला, म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळ सुरू होतो तिथे, कायम उभा राहणारा मिडफील्डर ३० डिस्पोजल घेतो. तोच विक मेट्रोत गेला की तिथे त्याच्यासारखे आठ-दहा जण असतात; मग त्याला विंगवर (मैदानाच्या कडेला) किंवा हाफ-बॅकला (बचावाच्या बाजूला) उभं करतात आणि आकडा अठरावर येतो. खेळ घसरला असं नव्हे, जागा बदलली. निवड करणारे अशा वेळी वेगळं बघतात: नव्या जागेवर तो किती लवकर रुळला, अंगावर माणूस असताना चेंडू काढतो का, दोन्ही पायांनी किक मारतो का. ‘की फॉरवर्ड’चं, म्हणजे गोल करणाऱ्या उंच मुख्य आक्रमकाचं, नेमकं उलट. क्लबमध्ये त्याच्यापर्यंत चेंडूच धड येत नाही. राज्याच्या संघात मागून नेमकी किक येते, पण समोरचा डिफेंडरही तितकाच उंच आणि तयारीचा असतो.

टॅलेंट लीगचा तक्ताही जसाच्या तसा धरू नये. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, चांगले चार-सहा खेळाडू राज्याच्या संघात गेले की क्लबला पंधरा-सोळा वर्षांची मुलं उतरवावी लागतात आणि हार पत्करावी लागते. शिवाय मेलबर्नच्या मोठ्या खासगी शाळांतली मुलं शाळेच्या हंगामात शाळेकडूनच खेळतात. त्यामुळे एखाद्याच्या नावावर क्लबचे चार-पाचच सामने दिसले, तर दुखापत झाली असेल असं लगेच समजू नये. आधी शाळेचं वेळापत्रक बघावं. ही सगळी मुलं परत आली की तळातला क्लब ऑगस्टमध्ये अचानक उसळी घेतो.

नावांनीही घोळ वाढवला आहे. टॅलेंट लीग १९९२मध्ये सुरू झाली, बराच काळ टीएसी कप म्हणून चालली, २०१९मध्ये एनएबी लीग झाली आणि २०२३पासून टॅलेंट लीग. स्पर्धा एकच, फलक बदलत गेले. चॅम्पियनशिपचा जुना अवतार म्हणजे टील कप. जुन्या खेळाडूच्या माहितीत टील कप दिसला तर राज्याची स्पर्धा समजावी, टीएसी कप दिसला तर क्लबची.

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निट-वेरिबीच्या बाजूला, मराठी घरं बरीच आहेत आणि त्यांतली पोरं ऑसकिक या लहान मुलांच्या फूटी कार्यक्रमापासून फूटीला लागतात. त्या भागाचा टॅलेंट लीग क्लब वेस्टर्न जेट्स. वाट अशी: आधी गावातला ज्युनियर क्लब, तिथून जेट्सच्या कमी वयाच्या गटाच्या चाचण्या, मग जेट्सचा १८ वर्षांखालील संघ आणि तिथे चमकला तर विक मेट्रोचं शिबिर. राज्याच्या संघासाठी थेट अर्ज करण्याची सोय शोधण्यात वेळ घालवू नये. निवडणारे क्लबच्या सामन्यांनाच येऊन बसतात. मुलींसाठीही दोन्ही स्पर्धा वेगळ्या होतात आणि त्यांचीही वाट क्लबवरूनच जाते.