शिजवूनही न जाणारं विष

कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतले काही खलाशी १५ जून १७९३ रोजी, आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, भाजलेल्या मसलची न्याहारी करून पुढे निघाले. मसल म्हणजे आपल्याकडचे शिनाणे. थोड्याच वेळात काही जणांचे तोंड आणि हातपाय बधिर पडू लागले. जॉन कार्टर हा खलाशी त्याच दुपारी मरण पावला. नकाशावर न्याहारीची ती जागा आजही 'पॉयझन कोव्ह' नावाने आहे.

शिनाणे, तिसऱ्या, कालवं पाणी गाळून त्यातल्या सूक्ष्म शैवालांवर जगतात. कधीकधी या शैवालांची एकदम बेसुमार वाढ होते, म्हणजे उद्रेक होतो. तो विषारी जातीचा असेल तर विष त्यांच्या मांसात साठत जातं, त्यांना स्वतःला मात्र फारसं काही होत नाही. चव बदलत नाही, वास येत नाही, उकळलं तरी विष जात नाही. पाणी लाल दिसेलच असंही नाही, त्यामुळे अशा उद्रेकाला रूढ असलेल्या 'लाल भरती' या नावावर विसंबण्यात अर्थ नाही.

१९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात मसल खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, सहा दगावले. त्यातून सोमर आणि मेयर या संशोधकांनी १९३७ मध्ये शिंपल्यांतल्या विषाचा संबंध सूक्ष्म शैवालाशी जोडला आणि उंदरावरची चाचणी रूढ केली: शिंपल्याचा अर्क टोचायचा आणि उंदीर किती मिनिटांत मरतो ते मोजायचं. पुढे १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. लकवा आणणाऱ्या या विषाचं नाव सॅक्सिटॉक्सिन.

१९८७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर कॅनडात मसल खाल्लेल्या लोकांना उलट्या झाल्या, आणि काही जणांची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली. १०७ रुग्ण, किमान तीन वृद्धांचा मृत्यू. माल प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पूर्वेकडच्या खाडीतल्या शेतीतला होता. तीच जुनी चाचणी लावली, पण उंदीर लकव्याने मरेनात. मागच्या पायांनी खांदे खाजवत सुटायचे, मग झटके येऊन मरायचे. म्हणजे हे विषच वेगळं होतं. कॅनडातल्याच हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेने अवघ्या चार दिवसांत ते ओळखलं: डोमोइक आम्ल. गंमत अशी, की जपानमध्ये ते आधीच माहीत होतं. ज्या लाल समुद्री शेवाळात ते सापडलं, ते तिथे जंतांवरचं औषध होतं. इथे स्रोत निघाला एक डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवाल, ज्याला तोवर कुणी विषारी मानलंच नव्हतं. एका विषासाठी बेतलेल्या चाचणीत दुसरं विष सापडलं. उंदरांच्या त्या खाजवण्याकडे कुणी काणाडोळा केला असता तर शोध किती लांबला असता कोण जाणे.

आपल्याकडची नोंदही कोरी नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत तिघांचा बळी गेला, १९८३ मध्ये मंगळूरजवळ अशीच विषबाधा झाली आणि सप्टेंबर १९९७ मध्ये केरळच्या विळिंजमला मसल खाऊन सात जण गेले. रुग्णालयात पोचलेले शेकड्यांनी होते. आता अन्नसुरक्षेच्या नियमांत शिंपल्यांतल्या या विषांच्या मर्यादा आहेत. पण युरोपला जाणाऱ्या मालाची तपासणी जितकी कसून होते, तितकी ओहोटीला खाडीत उतरून काढलेल्या आणि तासाभरात वाट्यावर विकल्या जाणाऱ्या तिसऱ्यांची होणं सध्या तरी कठीण दिसतं.