बराच काळ उभ्या असलेल्या पद्मिनी व अँबेसेडर गाड्यांचा कार्ब्युरेटर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दोन-चार पावसाळे झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर पुन्हा रस्त्यावर आणताना आमची पहिली विनंती अशी की, टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय सेल्फ मारू नये. जुन्या पेट्रोलबरोबर टाकीच्या तळाचा गंज आणि साचलेले पाणी पुढे ओढले जाते आणि किरकोळ साफसफाईचे काम मोठे होऊन बसते.

गाडी उभी असताना कार्ब्युरेटरमधल्या (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या, वाटीतले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि त्यातला जड भाग मागे राहतो. झाकण उघडले की तळाशी काकवीच्या रंगाचा चिकट थर दिसतो आणि जुन्या व्हार्निशच्या डब्यासारखा वास येतो. जिथे पाणी साचलेले असते तिथे धातूवर पांढरी भुकटी धरलेली असते. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्या काळच्या रबरी नळ्या व डायफ्रॅम (पंपातले लवचीक पडदे) यांना मानवत नाही, म्हणून समुद्रकाठच्या दमट हवेत गाडी ठेवणाऱ्यांनी अधिक जपावे.

सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) ओढलेला असेपर्यंत गाडी चालते आणि चोक आत ढकलताच बंद पडते. अशा वेळी बहुधा स्लो जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा पितळी भाग, बुजलेला असतो. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे ते बुजायला त्या चिकट थराचा एक कणही पुरतो. हा जेट तारेने किंवा सुईने कधीही टोचू नये. सोलेक्स या बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा छिद्राचे माप सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. पितळ मऊ असल्याने तारेने ते माप बिघडते आणि नंतर कितीही ट्यूनिंग केले तरी गाडी पेट्रोल जास्त पिते. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने फुंकणे, एवढाच उपाय आम्ही योग्य मानतो. जेट स्वच्छ असूनही तक्रार कायम राहिली, तर कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगमधून इंजिन हवा खेचत असल्याची शक्यता तपासावी लागते.

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडत असेल तर गाडी ताबडतोब बंद करावी आणि बॅटरीचे टर्मिनल काढावे, कारण खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गरम असतो व आग लागण्याचा धोका खरा असतो. कारण बहुतेक वेळा नीडल व्हॉल्व्हमध्ये (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) अडकलेला कचरा किंवा भोक पडलेला फ्लोट हे असते. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला असता आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला, तर तो निकामी झाला असे समजावे. बाहेरून शंका असल्यास आम्ही तो गरम पाण्यात बुडवतो. जिथून बुडबुडे येतात तिथे भोक असते.

अँबेसेडरला एसयू या बनावटीचा कार्ब्युरेटर असल्यास त्याचा पिस्टन बोटाने वर उचलून सोडावा. तो अडखळत न येता ‘टक्’ असा आवाज करून खाली बसला पाहिजे. अडकत असेल तर वरची घुमटी आणि पिस्टन स्वच्छ पुसावेत, त्यांना पॉलिश पेपर लावू नये, आणि वरच्या डॅम्परमधले (पिस्टनची हालचाल मंद करणारा भाग) तेल संपलेले नाही ना हे पाहावे.

मिक्श्चरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या, स्क्रूला मात्र सर्वांत शेवटी हात लावावा. बंद पडलेल्या गाडीवर पहिला प्रयोग या स्क्रूवरच होतो, आणि तो जोरात आवळल्यामुळे टोकाला खाच पडलेले स्क्रू आमच्याकडे वरचेवर येतात. फिरवावाच लागला तर आधी तो अलगद आत नेत किती आटे होतात ते मोजून लिहून ठेवावे. त्याआधी प्लग काढून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते: बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही, ओला निघाला तर पेट्रोल जास्त येत आहे किंवा ठिणगी पडत नाही. उभ्या गाडीत कॉन्टॅक्ट पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे टोक) गंज धरतो आणि त्याचा दोष नाहक कार्ब्युरेटरच्या माथी जातो.

गाडी कामाला देताना ती केव्हापासून उभी आहे, टाकीत किती पेट्रोल आहे आणि घरी कोणते स्क्रू फिरवले गेले, हे कृपया सांगावे. काम झाल्यावर काढलेले जुने जेट, नीडल आणि पॅकिंग आम्ही पिशवीत घालून परत देतो, ते आपण पाहून घ्यावेत.